सहा दप्तरे आणि चाळीस नियम

आमच्या कोराडीचे नाव काढले की नागपूरकरांना दोनच गोष्टी आठवतात. एक जगदंबेचे देऊळ आणि दुसरी वीजकेंद्राची धुरांडी. या गावात फारसी काव्यावरून वाद झाला, आणि तोही वर्षश्राद्धाच्या पंक्ती उठता उठता, असे सांगितले तर कोणीही हसेल. पण वाद झाला खरा. जन्मभर मुलांना 'उतारा दिलात की खाली लेखकाचे नाव लिहा' असे बजावत आलेला मी मराठीचा मास्तर त्या वादात साफ हरलो. त्या हरण्याची ही हकीकत आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर ती वाचकांपुढे ठेवतो आहे, कारण माझा अपराध माझ्या एकट्याचा नाही. आज घरोघर तोच चालला आहे.

थोरले बंधू वारले त्याला वर्ष झाले तेव्हा आम्ही एक छोटी स्मरणपत्रिका छापली. मुखपृष्ठावर दादांचा फोटो, खाली जन्ममृत्यूच्या तारखा आणि त्याखाली दोन ओळी. प्रेमाविषयीच्या होत्या, गोड होत्या. पुतणीने त्या मोबाईलवर दाखवल्या आणि मी त्यांचे मराठी केले. ओळींखाली ठळक टाइपात 'मौलाना जलालुद्दीन रूमी' असे नाव होते. दादांना कीर्तनाचा नाद होता, सुफी कव्वालीही ते कान देऊन ऐकत. तेव्हा नाव शोभले. कोणाला शंका आली नाही.

शंका आली ती कामठीहून आलेल्या एका वृद्ध उर्दू शिक्षकांना. दादांचे ते जुने स्नेही. जेवणे झाली, पानसुपारी झाली, आणि पत्रिका डोळ्यांजवळ धरून त्यांनी अगदी सहज विचारले, "गुरुजी, हे कोणत्या दफ्तरातलं?" मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावले की रूमीच्या 'मसनवी'चे सहा भाग आहेत आणि प्रत्येक भागाला 'दफ्तर' म्हणतात. मी घाईने म्हणालो, "मसनवीतलं नसेल, दिवाणातलं असेल." ते हसले. "दिवाणातही मला आठवत नाही. शोधून सांगा. मलाही शिकायला मिळेल."

मी शोधले. ओळी मसनवीत नव्हत्या आणि 'दिवान-ए-शम्स'मध्येही सापडल्या नाहीत. त्या सापडल्या एका इंग्रजी कादंबरीत. एलिफ शफाक या तुर्की लेखिकेची ती कादंबरी 2009 साली तुर्कीत आणि 2010 साली इंग्रजीत निघाली. नाव 'द फॉर्टी रूल्स ऑफ लव्ह', म्हणजे 'प्रेमाचे चाळीस नियम'. माझ्या मृत बंधूच्या फोटोखाली मी तेराव्या शतकातल्या साधूच्या नावावर एकविसाव्या शतकातल्या कादंबरीतली वाक्ये छापली होती. वहिनींना हे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "मग यांच्या फोटोखाली उभं आहे ते कोण?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुतण्या मात्र पटकन म्हणाला, "काका, भाव महत्त्वाचा. नावात काय आहे?"

हा लेख त्या पुतण्याच्या वाक्याविरुद्ध आहे.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. मी त्या कादंबरीचा वैरी नाही. हरल्यावर मी ती दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा रंगलो. अमेरिकेतल्या नॉर्थॅम्प्टन गावची एला नावाची गृहिणी. वय चाळिशीला टेकलेले, तीन मुले, सुखवस्तू घर, आणि त्या घरात प्रेम मात्र आटलेले. एका वाङ्मयीन संस्थेकडून तिच्याकडे एक हस्तलिखित वाचायला येते. ते हस्तलिखित म्हणजे कादंबरीच्या पोटातली दुसरी कादंबरी. तीत कोन्या शहरातल्या रूमीची आणि तब्रीझच्या शम्सची कथा आहे. इकडे एलाचा संसार आणि तिकडे सातशे वर्षांपूर्वीचे कोन्या, असे दोन धागे विणले जातात. मौलानाची बायको, मुलगे, भिकारी, दारुडा, वेश्या, मारेकरी, सगळे आपापल्या तोंडाने बोलतात. पृथ्वी, जल, वायू, अग्नी आणि शून्य असे पाच खंड आहेत. आपल्या वाचकाला त्यात पंचमहाभूते ओळखीची वाटतील. फक्त आकाशाच्या जागी लेखिकेने शून्य ठेवले आहे.

आणि या कादंबरीचे फारसी काव्याशी नाते नुसते पात्रांच्या नावापुरते नाही, ते अक्षरापर्यंत गेले आहे. मूळ इंग्रजी पुस्तक उघडून पाहा. प्रत्येक प्रकरण 'ब' या अक्षराने सुरू होते. हा चाळा नव्हे. मसनवीचा पहिला शब्द आहे 'बिश्नौ', म्हणजे 'ऐक'. सुफींची अशी समजूत आहे की कुराणाचे सार पहिल्या सूरेत, तिचे सार 'बिस्मिल्ला'त, त्याचे सार त्यातल्या 'ब'मध्ये आणि 'ब'चे सार त्याखालच्या एका टिंबात आहे. लेखिकेने ते टिंब उचलले आणि साऱ्या ग्रंथाला लावले. तिने घेतले, पण कसे घेतले पाहा! ज्याला मूळ ठाऊक आहे त्याला प्रत्येक प्रकरणाच्या दारावर रूमीची खूण दिसावी आणि ज्याला ठाऊक नाही त्याचेही काही अडू नये. एका ग्रंथाने दुसऱ्या ग्रंथाचे ऋण याहून सुंदर रीतीने फेडल्याची उदाहरणे फार नाहीत. हे पुस्तक मराठीत वाचणाऱ्याने पहिल्यांदा हे तपासावे, की अनुवादात 'ब' राहिला आहे की गळला आहे. 'बाहेर', 'बराच', 'बघता बघता', आपल्या भाषेत 'ब'ची टंचाई नाही.

दुसरी खूण मूसा आणि धनगर यांच्या गोष्टीची. मसनवीच्या दुसऱ्या दफ्तरात ती आहे आणि कादंबरीत ती शम्सच्या तोंडी आली आहे. आतल्या हस्तलिखिताचे 'गोड पाखंड' हे नावही त्याच गोष्टीशी बांधलेले आहे. एक धनगर देवाशी बोलत असतो. तू भेटलास तर तुझे केस विंचरीन, तुझे कपडे धुवीन, तुझे पाय चेपीन, दूध आणून देईन. मूसा त्याला झापतो. देवाला का केस असतात, का पाय? बिचारा धनगर कपडे फाडून रानात निघून जातो. मग देव मूसालाच खडसावतो की तुला माणसे जोडायला पाठवले होते, तोडायला नव्हे. ही गोष्ट ऐकताना कोणत्या मराठी माणसाला जनाबाई आठवणार नाही? तिच्याबरोबर दळणारा, तिची वेणी घालणारा विठोबा आपण आजीच्या मांडीवर ऐकला आहे.

पण आता माझ्या तक्रारीला सुरुवात होते. रूमीच्या गोष्टीत पुढे एक काटा आहे. गोष्ट संपवताना तो धनगराकडून वळतो आणि थेट वाचकाकडे बोट दाखवतो. तू जी स्तुती करतोस, तू जे आभार मानतोस, तेही त्या धनगराच्या बोलण्यासारखेच तोकडे आहेत, हे समजून अस, असा त्याचा इशारा आहे. मोबाईलवरच्या शुभेच्छापत्रात गोष्टीचा गोडवा येतो, हा काटा येत नाही. 'ज्याने त्याने आपापल्या परीने देवाला आळवावे' एवढा सुखाचा अर्थ आपण ठेवून घेतो आणि 'तूही धनगरच आहेस' हा झणझणीत अर्थ टाकून देतो. उसातला रस घ्यावा आणि चोथा टाकावा हे शहाणपणाचे. आपण मात्र औषधावरची साखर चाटून औषध टाकून देतो.

आणि ते चाळीस नियम? ते कादंबरीतल्या शम्सचे आहेत. या चाळिसांची यादी ना मसनवीत आहे, ना दिवाणात. खुद्द शम्सची वचने 'मकालात' या नावाने शिष्यांनी टिपून ठेवलेली उपलब्ध आहेत; त्यांतही ही यादी नाही. ती लेखिकेची रचना आहे, आणि कादंबरीकार म्हणून तो तिचा पुरा हक्क आहे. आपले खांडेकर ययातीच्या तोंडी जे घालतात ते व्यासांनी लिहिले होते काय? पण म्हणून कोणी खांडेकरांचे वाक्य 'महाभारत' अशी मोहोर उठवून भिंतीवर टांगत नाही. टांगलेच तर दहा जण हसतील, कारण महाभारत आपल्या घरातले आहे. रूमीच्या बाबतीत कोणी हसत नाही, कारण मूळ कोणी पाहिलेलेच नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा; आणि वाळा कथलाचा आहे हे ओळखणारा सोनार आळीत उरलेला नाही, अशी ही अवस्था आहे.

कादंबरीच्याही आधी हा गोंधळ सुरू झालेला आहे. जगभर आज जो इंग्रजी रूमी खपतो त्यातला मोठा भाग कोलमन बार्क्स या अमेरिकन कवीच्या हातचा आहे. 1995 साली निघालेले त्यांचे 'द इसेन्शियल रूमी' अफाट खपले. बार्क्स यांना फारसी येत नव्हती आणि ते त्यांनी लपवलेही नव्हते. केंब्रिजच्या निकल्सनसारख्या पंडितांनी केलेली शब्दशः भाषांतरे पुढ्यात घेऊन ते त्यांची मोकळी इंग्रजी कविता करीत. निकल्सन यांनी सगळी मसनवी, सुमारे 25,000 द्विपदी, मूळ, भाषांतर आणि टीपांसह 1925 ते 1940 या पंधरा वर्षांत आठ खंडांत सिद्ध केली. ते खंड कपाटात राहिले आणि बार्क्स यांची पाने उशाशी गेली. उशाशी जाणाऱ्या पानांतून कुराणाचे, पैगंबरांचे, नमाजाचे उल्लेख बरेच गळाले किंवा फिके झाले, हा जाणकारांचा आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. रूमी हा कोन्याच्या मदरशात शिकवणारा आलिम होता. 1244 साली शम्स भेटला आणि त्या आलिमाची उलथापालथ झाली. पण तो मुसलमान राहिला आणि त्याची मसनवी कुराणाच्या संदर्भांनी काठोकाठ भरलेली आहे. ज्ञानेश्वरीतून गीता काढून घ्या आणि मग उरलेले 'सुविचार' म्हणून वाटा! मराठी माणूस ते सहन करील काय? मग दुसऱ्याच्या घरच्या ज्ञानेश्वरीचे तेच करताना आपला हात का थरथरत नाही?

आता पुतण्याकडे वळू. 'भाव महत्त्वाचा' हे त्याचे म्हणणे. मी म्हणतो, भाव महत्त्वाचा आहे म्हणूनच नाव महत्त्वाचे आहे. तेच वाक्य तिशीतल्या तरुणाने म्हटले तर उपदेश होतो, आणि ज्याचा गुरू एका रात्री नाहीसा झाला व ज्याने पुढची पंचवीस वर्षे त्या विरहात काढली त्याने म्हटले तर तो हुंदका होतो. शम्स गेल्यावर रूमीने कित्येक गझलांच्या शेवटी स्वतःचे नाव घालण्याऐवजी शम्सचे घातले. म्हणूनच त्याच्या दिवाणाला शम्सचे नाव आहे. आपल्याला हे विचित्र वाटू नये. एकनाथांनी आपली नाममुद्रा 'एका जनार्दनी' अशी केली. शिष्य आणि गुरू एकाच मुद्रेत विरघळवले. नावात काय आहे, असे या दोघांना विचारा. नावात त्यांचा जन्म आहे. त्या नावावर आपण कोणाचेही वाक्य चिकटवतो तेव्हा ती नुसती चूक राहत नाही, दुसऱ्याच्या दुःखाची उचलेगिरी होते. मी ती केली, आणि तीही दुःखाच्याच प्रसंगी.

दुसरा पक्ष पंडितांचा. ते म्हणतात, कादंबरीच मुळात उसनवारी आहे. रूमीचे भांडवल आणि लेखिकेचे दुकान. हेही मला मान्य नाही. उसनवारी हा जर गुन्हा असेल तर पहिला आरोपी रूमीच ठरेल. त्याने सनाई आणि अत्तार या आपल्या पूर्वसूरींकडून भरभरून घेतले. मसनवी लिहायला घेतली तीच त्याच्या हुसामुद्दीन नावाच्या शिष्याने 'त्या दोघांच्या धर्तीवर काही द्या' म्हणून विनवल्यावर. आणि पुढे तर आपलेच घर लागते. पहिल्या दफ्तरात सिंह आणि सशाची गोष्ट आहे. विहिरीत स्वतःचे प्रतिबिंब पाहून उडी घेणारा तोच सिंह. हा सिंह कोठला? आपल्या पंचतंत्रातला. सहाव्या शतकात इराणच्या नौशेरवान बादशहाच्या बुर्झोय नावाच्या वैद्याने पंचतंत्र पहलवी भाषेत नेले, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते 'कलीला व दिम्ना' या नावाने अरबीत आणले, मग ते फारसीत उतरले आणि तेथून मसनवीत शिरले. तिसऱ्या दफ्तरात अंधारातला हत्ती आहे. कोणी सोंड चाचपतो, कोणी कान, कोणी पाय. तो हत्ती हिंदुस्थानातल्या लोकांनी प्रदर्शनासाठी आणला होता असे रूमी स्वतःच सांगतो. व्यापाऱ्याच्या पिंजऱ्यातला जो पोपट सुटकेची युक्ती शिकतो, तीही त्याला हिंदुस्थानातल्या पोपटांकडूनच कळते. गोष्टी अशाच चालतात. त्यांना जकातनाके माहीत नसतात.

पण एक फरक ध्यानात घ्या, आणि माझा सारा दावा या फरकावर उभा आहे. सिंह-सशाची गोष्ट सांगताना रूमी वाचकाला उघड सांगतो की ही 'कलीला'त जाऊन शोध. किस्सा आणि हिस्सा असे दोन शब्द त्याने तेथे जोडीने घातले आहेत. दोन्ही शब्द तुमच्याआमच्या बोलण्यातले आहेत! किस्सा दुसऱ्याचा, त्यातून मी काढलेला हिस्सा माझा. आणि दोन्हींच्या पाट्या वेगवेगळ्या. लेखिकेनेही कादंबरीवर 'कादंबरी' असेच छापले, रूमीचे भाषांतर म्हणून ती विकली नाही. पाट्या पुसल्या त्या आपण, वाचकांनी. घेणाऱ्याने सांगून घेतले आणि वाचणाऱ्याने न विचारता वाटले.

तिसरा पक्ष सगळ्यांत जोरात बोलतो. तो म्हणतो, हे परके आहे. आपल्याकडे ज्ञानोबा-तुकोबा असताना हा इराण-तुर्कस्तानचा फकीर हवा कशाला? या गृहस्थांना मी दिवाळीच्या फराळाला बोलावतो. ताटातली शंकरपाळी उचला; 'शकरपारा' हा फारसी शब्द त्यांच्या पोटात आहे. बर्फी घ्या; 'बर्फ' फारसी. वर पाहा, आकाशकंदील. त्यातला कंदील अरबी-फारसीच्या वाटेने आला. आपले नागपूर शहर 1702 साली वसवले ते देवगडच्या गोंड राजाने, आणि त्याचे नाव बख्त बुलंद शहा. बख्त म्हणजे दैव आणि बुलंद म्हणजे उंच. पोर शाळेत जाताना पाठीला लावते ते दप्तर आणि मसनवीचे दफ्तर एकच. शब्द घरात आले, जेवले, राहिले, नातवंडे झाली, आणि आता त्यांच्या आजोबांना आपण उंबऱ्यावर विचारतो, 'आपण कोण?'

नाते शब्दांवरही थांबत नाही. रूमी 1273 साली वारला. ज्ञानदेव 1275 साली जन्मले असे मानतात, आणि 1290 साली नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. रूमी बोलत असे आणि हुसामुद्दीन लिहून घेई; ज्ञानदेव बोलत आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत. मसनवीचा पहिला शब्द 'ऐक'. ज्ञानदेवही नवव्या अध्यायाच्या आरंभीच श्रोत्यांकडे दुसरे काही न मागता अवधान मागतात. एकाने दुसऱ्याचे घेतले असे मी मुळीच म्हणत नाही. कोन्याहून नेवाशाला कोणी आल्याची नोंद नाही. मी एवढेच म्हणतो की ज्याच्या कानावर एक आवाज जन्मापासून आहे त्याला दुसरा आवाज ओळखायला अमेरिकेमार्गे जावे लागू नये. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात होऊन गेले. जन्माने मुसलमान, सुफी परंपरेतले, आणि 'योगसंग्राम' लिहिला तो मराठी ओव्यांत. वारकऱ्यांनी त्यांना आपल्या संतमांदियाळीत बसवले. त्यांचे पुस्तक मराठी घरांतून किती जणांनी उघडले आहे?

आणि लांब श्रीगोंद्याला तरी कशाला जायचे! आमची कोराडी ज्या कामठी तालुक्यात आहे त्याच कामठीत 1861 साली ताजुद्दीन बाबा जन्मले. लोकांनी त्यांना वेडे ठरवले, ते नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात राहिले, आणि मग राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना तेथून सन्मानाने आपल्याकडे आणले. वेडा म्हणून कोंडलेला फकीर आणि त्याच्या पायाशी बसलेला राजा! कादंबरीतला शम्स कोन्याच्या रस्त्यावरून चालतो तेव्हा लोक त्याला असेच वेडा म्हणतात. बाबांनी 1925 साली शकरदऱ्याला देह ठेवला. आजही ताजबागेत उरुसाला हिंदू-मुसलमान एका रांगेत उभे असतात, आणि त्या रांगेत आमच्या गावची माणसेही असतात. दरवेश कसा असतो हे ज्यांच्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिले, त्यांची नातवंडे आज दरवेश म्हणजे काय हे परदेशी कादंबरीतून शिकतात आणि वर ते आपल्याला 'नवीन' म्हणून सांगतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

त्या 1925 सालाचा एक योगायोग मला सोडवत नाही. ताजुद्दीन बाबा गेले त्याच वर्षी केंब्रिजकर निकल्सनच्या मसनवीचा पहिला खंड बाहेर पडला आणि त्याच वर्षी पुण्याला माधव त्र्यंबक पटवर्धनांचा फारसी-मराठी कोश निघाला. हे पटवर्धन म्हणजे आपले कविवर्य माधव जूलियन. फारसीचे प्राध्यापक. गझल आणि रुबाई त्यांनी मराठीला लावून दिली. त्यांनी जे केले ते आज प्रत्येक मराठी वाचकाने कोरून ठेवावे असे आहे. इंग्रज कवी फिट्झेराल्डने 1859 साली उमर खय्यामच्या रुबायांचे स्वैर इंग्रजी रूपांतर केले आणि पुढे जग त्यालाच खय्याम समजू लागले. माधवरावांनी काय केले? 1929 साली मूळ फारसीवरून 'उमरखय्यामकृत रुबाया' दिल्या. मग 1931 साली फिट्झेराल्डवरून 'द्राक्षकन्या' दिली. एकाच कवीची दोन पुस्तके, दोन नावे! हा फारसी खय्याम आणि हा फिट्झेराल्डचा खय्याम. दोघेही गोड आहेत, पण दोघे दोन आहेत. वाचकाला फसवायचे नाही आणि त्याचा आनंदही हिरावायचा नाही. याला मी सचोटी म्हणतो.

कोणी म्हणेल, याच माधवरावांनी पुढे 1938 साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून फारसी शब्दांची हकालपट्टी मागितली, ते कसे? मला त्यांचे ते मत पटत नाही. पण त्यातही एक धडा आहे. ज्या माणसाने फारसीला नाही म्हटले त्याने आधी तिचा कोश रचला होता. त्याचा नकारही माहितीचा होता. आपला होकारही अडाण्याचा आहे. रूमीला डोक्यावर घेणारा आणि रूमीला दाराबाहेर काढणारा, दोघांनीही त्याचे एक दफ्तर उघडलेले नाही, या एका बाबतीत दोघांचे छान जमते.

मग करायचे काय? कादंबरी खुशाल वाचा. वाचून रडू आले तर रडा, मीही रडलो. पण तिच्यातले वाक्य उचललेत तर खाली एलिफ शफाक असे नाव लिहा. ते नाव लहान नाही, तिला तिचे श्रेय द्या. रूमीचे म्हणून काही छापायचे असेल तर दफ्तर कितवे ते विचारा. सांगता येत नसेल तर छापू नका. सेतुमाधवराव पगडींसारख्या फारसी जाणणाऱ्या माणसाने सूफी संप्रदायावर मराठीत पुस्तक लिहून ठेवले आहे, ते वाचनालयातून मागवा. मागणी झाली की कपाटे उघडतात. आणि ज्यांच्या हाती विद्यापीठे आणि प्रकाशनगृहे आहेत त्यांना माझे सांगणे आहे की थेट फारसीवरून केलेली, टीपा असलेली, काटे न काढलेली मसनवी मराठी घराघरांत गेली पाहिजे. ज्या भाषेने माधव जूलियनांच्या हातून फारसीचा कोश घेतला तिला पहिल्या शब्दासाठी इंग्रजीकडे हात पसरावा लागणे ही गरिबी नव्हे, हा आळस आहे.

कामठीचे ते गुरुजी गेल्या उन्हाळ्यात पुन्हा आले होते. येताना मसनवीच्या दुसऱ्या दफ्तराची जुनी प्रत पिशवीत घालून आणली. त्यांनी धनगराची गोष्ट वाचली, अर्थ सांगितला. वहिनी दाराशी बसून ऐकत होत्या. वाचन संपल्यावर त्या म्हणाल्या, "यांना हे आवडलं असतं. त्यात आपल्यालाही रागावलं आहे." मसनवीवर इतके नेमके भाष्य मी कोणत्या पुस्तकात वाचलेले नाही.

स्मरणपत्रिकेच्या चाळीसेक प्रती शिल्लक होत्या. या दिवाळीत फराळाचे डबे नातेवाइकांकडे जायला निघाले तेव्हा मी त्या काढल्या, प्रत्येकीवरचे रूमीचे नाव निळ्या शाईने खोडले, शेजारी कादंबरीचे आणि लेखिकेचे नाव लिहिले आणि एकेक प्रत एकेका डब्यावर ठेवली. पुतणी म्हणाली, "काका, दादांच्या फोटोवर खाडाखोड बरी दिसत नाही." मी म्हटले, "बरी दिसत नाही, पण खरी आहे. वहीत दुरुस्ती केलेली तुझ्या दादाकाकांना नेहमीच चालायची."